किल्ली नंबर दोन

मुलुंडला समुद्र नाही, पण सोसायटीचं नाव ‘सागरदीप’ आहे. या सागरदीपमध्ये सुबोध परुळेकरच्या गाडीला झालेला आजार सगळ्यांना ठाऊक होता. आजाराचं कारण मात्र एकट्या त्याच्या वडिलांना, चंद्रप्रकाशांना ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या लेंग्याच्या खिशात होतं.

आजार असा, की कुलूप लावून ठेवलेली गाडी सकाळी चारी दारांनी उघडी सापडायची. पहिल्यांदा सुबोधला वाटलं, आपण विसरलो. दुसऱ्यांदा वाटलं, बायको विसरली. तिसऱ्यांदा तसं वाटून घ्यायची संधी मानसीने दिली नाही. मग एके सकाळी मागच्या सीटवरची छत्री गेली आणि प्रकरण कमिटीकडे गेलं.

सेक्रेटरी दशरथ पाटकरांनी सीसीटीव्ही काढला. त्यात गाडीजवळ कोणीच जात नव्हतं. संध्याकाळच्या सुमारास गाडी उभ्या जागी केशरी दिवे मिचकावायची, थांबायची, पुन्हा मिचकावायची आणि गप्प बसायची. कमिटीने ते चित्रण तीन वेळा पाहिलं. वार्षिक अहवाल कमिटीने एकदाही पाहिला नव्हता.

“तिथं पूर्वी विहीर होती. बुजवलेली,” तळमजल्यावरच्या शकुताई म्हणाल्या. “मी काही म्हणत नाही हं.” आणि हे काही-म्हणत-नाही त्यांनी तिन्ही विंगांत जाऊन सांगितलं.

खरी गोष्ट साधी होती. गाडी घेतली तेव्हा दोन किल्ल्या मिळाल्या. “बाबा, ही जपून ठेवा,” म्हणून सुबोधने दुसरी वडिलांना दिली. चंद्रप्रकाशांनी ती बायकोला, शुभाला दिली आणि शुभाने ती इतकी जपली, की शुभा वारल्यावर तिचं कपाट आवरताना साड्यांच्या खाली सापडली. चंद्रप्रकाश ती घेऊन गॅलरीत आले. चालतेय का बघावं म्हणून बटण दाबलं. चार मजले खाली गाडीने दोनदा दिवे मिचकावले.

यात विशेष काही नाही. पण त्या घरात तेव्हा पहिल्या हाकेला उत्तर मिळणं बंद झालेलं होतं. सुबोध घरून काम करायचा, कानात पांढरी बोंडं घालून. “चहा टाकू का रे?” विचारलं की तो “शुअर, शुअर” म्हणायचा. कपात चहा गाळून झाल्यावर कळायचं, की ते बंगळूरला उद्देशून होतं. मानसी ऑफिसातून यायची ती फोन कानाला लावूनच, आणि सासऱ्यांनी तोंड उघडलं की हाताचा पंजा दाखवायची. वाहतूक पोलीस दाखवतो तसा, पण हसून. दोघंही वाईट नव्हती. गोळ्या वेळेवर आणायची, वाढदिवसाला केक आणायची. फक्त त्यांच्या कानांची वेळ आधी घ्यावी लागायची.

गाडीची घ्यावी लागत नव्हती. कुलूप लागलं की एकदा दिवे, उघडलं की दोनदा. चंद्रप्रकाशांनी त्याची भाषा करून टाकली. एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो.

“काय गो, जेवलस?” ते गॅलरीच्या कठड्यावर वाकून, शुभाला विचारावं तसं हळूच विचारायचे. दोनदा.

“पाय दुकतत?” एकदा.

कोणतं उत्तर येणार हे बटण दाबणाराच ठरवतो, हे विमा कंपनीत अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण शुभाच्या हयातीत सगळी उत्तरं शुभाच ठरवत असे. त्यामुळे बदल म्हणून तेही बरं होतं. रोजचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: “बरी आसस ना?” याचं उत्तर ‘नाही’ येऊ देणं काही त्यांच्या बोटाला जमेना. म्हणून दोनदा. आणि म्हणून गाडी रात्रभर सताड.

सुबोधने एकदा विचारलंही, “बाबा, ती दुसरी किल्ली कुठाय हो?”

“शोधतो,” चंद्रप्रकाश म्हणाले. खिशात हात घालून म्हणाले.

मग उपचार सुरू झाले. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने ड्रायव्हरच्या दारातली लॉकची मोटर बदलली. गाडी उघडीच. सुबोधने ऑनलाइन एक कोड रीडर मागवला. काडेपेटीएवढी वस्तू, स्टिअरिंगखाली खुपसायची, की गाडीत काय बिघडलंय ते मोबाइलवर येतं. अख्खी कमिटी मोबाइलवर वाकली. कोणताही दोष नाही, असं आलं.

“म्हणजे काय?” दशरथ म्हणाले.

“म्हणजे हा स्वस्तातला आहे,” सुबोध म्हणाला. “हा नुसतं इंजिन वाचतो. लॉकचा मेंदू वेगळा असतो.”

“मग विहिरीचं…” शकुताईंनी सुरुवात केली.

“शकुताई, प्लीज!”

शेवटी रविवारी सकाळी मरोळहून मर्विन रोझारिओला बोलावलं. मर्विन गाड्यांचा स्पेशालिस्ट होता. हाताला ग्रीस लावत नसे. पाटीएवढा स्कॅनर, त्याची वायर, आणि गाडीशी एकांतात बोलायची सवय. त्याने वायर जोडली, पडद्यावर बोट फिरवलं, आणि भोवती जमलेल्या गर्दीला म्हणाला, “लॉक झकास आहे साहेब. वायरिंग पण ओके.”

“मग उघडते कशी?”

“कोणीतरी उघडतंय ना. हे बघा, शेवटच्या ऑर्डरी कुठून आल्या ते दिसतं इथे. किल्ली नंबर दोन. नंबर दोन. नंबर दोन. नवीन गाड्या आपणहून परत बंद होतात. ही जुनी, ही उघडली की उघडीच. नंबर दोन कोणाकडे आहे?”

“ती हरवलीय,” सुबोध म्हणाला.

“मग कोणाला तरी गावलीय. टेन्शन नाय. डिलीट मारतो. मग ती किल्ली म्हणजे नुसतं लोखंड.”

चंद्रप्रकाशांची मूठ खिशात घट्ट झाली. या क्षणाची धास्ती त्यांनी पुष्कळ दिवस बाळगली होती. गप्प राहावं तर किल्ली खिशातल्या खिशात मरणार. बोलावं तर सगळे विचारणार: का? त्या ‘का’चं उत्तर ते रोज आंघोळ करताना घोटत होते. सुरुवातीला त्यांना त्याची लाज वाटायची. घोटून घोटून लाज झिजली, आणि अलीकडे त्यांना वाटायला लागलं होतं, की विचारलं तर बरंच होईल. सांगून टाकता येईल. सुबोध कदाचित म्हणेल, ठेवा बाबा तुमच्याकडेच, फक्त शेवटी कुलूप लावत जा.

“थांबा,” ते म्हणाले, आणि किल्ली काढून पुढे धरली.

चंद्रप्रकाशांनी घसा साफ केला.

“अरे, मिळाली!” सुबोध म्हणाला.

“काका, अहो खिशात दाबली जात असणार!” दशरथ हसले. “आणि आम्ही इथं सीआयडी!”

मर्विनने पडद्याकडे पाहिलं, मग चंद्रप्रकाशांकडे पाहिलं, आणि फार चांगुलपणाने म्हणाला, “होतं असं. माझ्या डॅडींचं पण व्हायचं.”

झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त शकुताई थोड्या नाराज दिसल्या. सुबोधने किल्ली आपल्या खिशात टाकली आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. “आता ही मीच ठेवतो हं, बाबा.” त्यातला ‘हं’ शेजारच्यांच्या लहान मुलाशी बोलताना घालावा तसा होता.

मर्विन पाणी प्यायला वर आला. चंद्रप्रकाशांनी त्याला चहा पाजला आणि सोडायला म्हणून लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झाल्यावर मर्विन म्हणाला, “काका, एक बोलू? खिशात दाबलं जातं ना, तेव्हा एकच बटण दाबलं जातं, सारखं सारखं. हे तसं नाय. लॉक, अनलॉक, परत अनलॉक. कोणाशी गप्पा मारल्यासारखं.”

“हं.”

“मी खाली बोललो नाय. चार माणसांत तुमची इज्जत ना.”

“इज्जतीचं काही नाही रे,” चंद्रप्रकाश घाईघाईने म्हणाले. लिफ्ट दुसऱ्या मजल्याशी आली होती. “त्याचं काय आहे मर्विन, की आमची ही…”

मर्विनचा फोन वाजला. “हां, बोल. गोरेगाव? शूटिंगची व्हॅन आतून लॉक? आत कोण आहे… हिरोईन? एसी चालू आहे ना? मग रडू नको सांग तिला, आलोच.” लिफ्टचं दार उघडलं. “येतो काका, गॉड ब्लेस. चहा एक नंबर होता!” आणि स्कूटर गेटाबाहेर गेलीसुद्धा.

दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दशरथांचा संदेश आला. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की परुळेकर यांच्या गाडीचा विषय संपलेला आहे. ज्येष्ठांनी रिमोटच्या किल्ल्या खिशात बाळगू नयेत. विहिरीबाबत अफवा पसरवू नयेत.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मानसीचाही एक होता.

चंद्रप्रकाशांनी चष्मा लावला. आपण होऊन ग्रुपवर त्यांनी आजवर काही लिहिलेलं नव्हतं. आज एकच वाक्य लिहायचं होतं: किल्ली खिशात दाबली जात नव्हती, मी दाबत होतो. मग तरी कोणीतरी विचारेल. पण लिहायची जागाच दिसेना. तिथे बारीक अक्षरात आलं होतं, की या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात.

त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग उठले आणि आतल्या खोलीच्या दारावर टकटक केली.

“कॉलवर आहे, बाबा,” आतून सुबोध म्हणाला.

“रविवारी?”

एरवी ते इथून मागे वळायचे. आज त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली, बरोबर दारासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले.