निळ्यावर पांढरं वाळं

टेबलाखाली चमचा खणकन पडला, तेव्हा कळलं की आमची लेक मारामा तिथेच बसली आहे. माझ्या नवऱ्याने, हेमीने, मासेमारीला गेल्यावर काय घडलं ते नुकतंच मला सांगून संपवलं होतं.

घाईत त्याने गळांची दोरी आधी सोडली आणि पाखरं बुजवणाऱ्या रंगीत फिती नंतर बांधल्या. तेवढ्यात एक अल्बाट्रॉस, लांब पंखांचा समुद्रपक्षी, आमिषावर झेपावला आणि गळासकट खाली ओढला गेला. बुडताना पायात निळं वाळं दिसलं, एवढंच.

आमच्या टेकाडावरच्या अल्बाट्रॉसच्या वसाहतीत एक पिल्लू आहे. अंड्यातून निघालं तेव्हापासून मारामा त्याला दुर्बिणीतून बघते. त्याच्या आईच्या पायात ओळखीसाठी घातलेलं निळं वाळं आहे, त्याच्यावर पांढरं. कितीतरी दिवस ती फिरकली नव्हती. बाप एकटाच भरवत होता, आणि पिल्लू वाळत चाललं होतं.

वसाहतीसाठी समुद्रावर पाखरांचे फोटो मीच काढते. सकाळी तिला शोधायला रेवी अंकलच्या बोटीवर निघालो, आम्ही तिघंही. मारामाला घरी ठेवायचं होतं, पण ती ऐकेना.

हेमी मागे उभा राहून पाखरांना बोलवायला जाळीत गोठलेलं माशाचं काळीज बांधत होता.

"आज तरी गाठ वेळेवर मार रे," अंकल म्हणाले.

हेमीने गाठ दोनदा ओढून बघितली.

पाखरं आली. लाटांच्या रेघेला पंख टेकवत, एकदाही न फडफडता. उडताना पाय पोटाच्या पिसांत दडवलेले असतात. पाण्यावर उतरायच्या क्षणीच दोन्ही पाय पुढे येतात, तेवढाच काय तो वेळ. मी रेलिंगला पोट टेकवून उभी होते.

"अंकल, वाऱ्याच्या बाजूला राहा. म्हणजे ती आपल्याकडे तोंड करून उतरतील."

"मला शिकवतेस? वारा बघ आधी. अजून एक फेरी, मग वळवतो."

पहिल्याच्या पायात काहीच नाही. दुसऱ्याचं वाळं लाल. तिसऱ्याला लाटेने झाकलं. कॅमेऱ्याच्या काचेवर खारे थेंब, बोटं बधिर.

"निळं होतं का?" हेमीने विचारलं.

"गप्प बस," मी म्हणाले.

अंकलनी सुकाणूवर हात ठेवला. तेवढ्यात लाटेमागून एक मोठी मादी वर आली, कलली, आणि सरळ माझ्याकडे झेपावली. पाय पुढे आले. मी कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं ते धरलंच.

पडद्यावर फोटो मोठा केला. निळं. त्याच्यावर पांढरं.

हेमी माशांच्या खोक्यावर मटकन बसला. "दाखव," म्हणाला, पुन्हा "दाखव" म्हणाला.

"बघ बाबा बघ, डोळे भरून बघ," अंकल म्हणाले. "पोराचा जीव भांड्यात पडला."

मारामाने पडद्याला नाक लावलं. "हीच बाळाची आई?"

"हो गं राणी."

"म्हणजे ती मेली नाही."

"नाही. पोट भरलं की घरी जाईल."

हेमीने तिला मांडीवर ओढून घेतलं, तिच्या टोपीत तोंड खुपसलं. ती पाण्याकडे बघत राहिली. मादी काळजाचा तुकडा ओढत होती, तिचं निळं वाळं आता पाण्याखाली होतं.

"आई," मारामा म्हणाली, "मग पप्पांच्या गळाला लागली ती कुणाची आई होती?"