पालथ्या होडीला चार मार्क

"‘पालथी होडी म्हणजे म्हातारा पुन्हा समुद्रात जाणार आहे,’" मी मोठ्यांदा वाचलं आणि वर्गाकडे पाहत थांबलो. कधी हसायचं हे माझ्या मुलांना बरोबर कळतं. अठ्ठावीस जण हसले. कवितेवरचा तो निबंध जिचा होता ती जोसेट कॅडोर पेनाचं टोपण घालत-काढत बसून राहिली.

"ऊठ," मी म्हटलं. "हे ज्ञान कुठून आलं?"

"सर, होडी पालथी घालतात ती दुरुस्तीला. फटींत सूत ठासायचं, वर डांबर लावायचं. जी पुन्हा पाण्यात घालायचीच नाही, तिला कोण पालथी करत बसतंय? चार माणसं लागतात."

"चार माणसं लागतात," मी तिच्याच सुरात म्हटलं. वर्ग पुन्हा हसला. "बाईसाहेब, परीक्षक तुमच्याकडे डांबर मागायला येणार नाहीये. त्याला प्रतिमा हवी. पालथी होडी कशाची प्रतिमा?"

"संपलेल्या आशेची," सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

"ऐकलंस? बस खाली."

त्या सराव परीक्षेत वीसपैकी चार मार्क मी तिला दिले होते. ते अक्षर बरं होतं म्हणून.

आमच्या बेटावरच्या गुयाव गावातल्या या शाळेत मी एकतीस वर्षं साहित्य शिकवतो. शिकवतो म्हणणं जास्तच झालं, घोटून घेतो. चार वाक्यं असतात. कवीला काय म्हणायचंय ते पहिलं, पुरावा म्हणून कवितेतली ओळ, त्या ओळीत प्रतिमा कोणती ते तिसरं, आणि वाचकाच्या मनावर होणारा परिणाम. झाला परिच्छेद. असे पाच खरडले की झालं रसग्रहण. माझ्या तोंडची वाक्यं उतरवलेली वही थोरल्याकडून धाकटीकडे जाते. तिच्यावर कोकोचे डाग वाढतात, वाक्यं तीच राहतात. कविता वाचायची गरज कोणाला पडत नाही, आणि ते बरंच आहे. या पोरांपुढे नुसती कविता ठेवली तर ती माशा मारत बसतील. परीक्षकही काही थोर नाहीत. पंख्याखाली बसून जेवणाच्या आत ऐंशी पेपर उडवायचे, ओळखीचं वाक्य दिसलं की बरोबरची खूण, नवं दिसलं की कपाळाला आठ्या. आमच्या मुख्याध्यापिका तर निकालाच्या टक्केवारीखेरीज काही वाचत असतील असं मला वाटत नाही. अशा लोकांसाठी माझा साचा पुष्कळ झाला.

सराव परीक्षेत दहाच्या खाली गेलेल्यांची नावं मी साहित्याच्या मुख्य परीक्षेला पाठवत नाही. यादी शुक्रवारी जायची होती. जोसेटचं नाव मी खोडलं. साहित्य नाही तर राजधानीतलं, सेंट जॉर्जेसचं कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर आईशेजारी वखारीत बसून जन्मभर जायफळं निवडायची. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

गुरुवारी तिचा बाप आला. रॉल कॅडोर होडीवरून उतरला की त्याच्या आधी मासळीचा वास येतो; त्या दिवशी मात्र त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि पायांत चर्चला जायचे बूट. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मास्तर, मला कवितेतलं काय कळत नाही," तो म्हणाला. "नापास केलंत, ठीक आहे. पण पोरीनं खोटं लिहिलंय का, तेवढं सांगा."

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, रॉल. कवितेत पालथी होडी म्हणजे आशा संपली."

"असं कवीनं लिहिलंय?"

कवीनं लिहिलं नव्हतं. कवितेत एवढंच आहे की वाळूवर होडी पालथी आहे आणि एक म्हातारा तिला टेकून बसला आहे.

"तसा अर्थ काढतात," मी म्हटलं.

"कोण काढतं?"

मी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

"म्हणजे तुम्हीच," रॉल म्हणाला. त्याला राग आला असता तर मी त्याला वाटेला लावलं असतं, पण तो रागावला नव्हता. "मास्तर, तुम्ही बाहेरगावचे असता तर मी समजलो असतो. तुमच्या आईनं तुमच्या वडलांची होडी सहा वर्षं पालथी घालून घेतली. माझा बाप यायचा की हात लावायला."

तो गेल्यावर मी तासाला गेलो नाही.

हे मी विसरलो होतो असं नाही. विसरलो असतो तर नुसता मूर्ख ठरलो असतो. माझे वडील दुसऱ्याच्या गलबतावरून त्रिनिदादला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची स्वतःची होडी किनाऱ्यावर राहिली. दर जूनमध्ये आई चार माणसं बोलवायची, नारळाच्या दुधात नीरफणस आणि खारवलेली मासळी शिजवून त्यांना वाढायची आणि होडी पालथी घालून डांबरून घ्यायची. माणूस आला तर त्याची होडी तयार असायला हवी, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला तिची लाज वाटायची. त्या दिवशी मी घराबाहेर पडायचो नाही.

सोळाव्या वर्षी मलाही हीच कविता होती; अभ्यासक्रम बदलतात, पण ही फिरून फिरून येते. आमचे मास्तर इंग्लंडहून आलेले, उन्हानं लाल झालेले, होडीत कधी बसले नसावेत. ‘संपलेली आशा’ हे त्यांचं वाक्य. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि घरी येऊन आईला तोऱ्यात म्हणून दाखवलं. तिनं हातातलं काम ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"पुस्तकात असं आहे होय," ती म्हणाली.

त्या जूनमध्ये तिनं कोणाला बोलावलं नाही. होडी उताणीच राहिली, पावसानं भरली, तिच्यात डास झाले, आणि दोन वर्षांत लोकांनी फळ्या काढून चुलीला नेल्या. मला पहिला वर्ग मिळाला. त्या पहिल्या वर्गाच्या जिवावर मी आजवर दुसऱ्यांच्या पोरांना हसत आलोय.

शुक्रवारी मी यादीच्या तळाशी जोसेटचं नाव माझ्या हातानं लिहिलं. मग तिला व्हरांड्यात बोलावलं. मी माफी मागितली असेल असं ज्याला वाटतं त्यानं मला पाहिलेलं नाही.

"नाव पाठवलंय," मी म्हटलं. "परीक्षेत होडी आली तर तुझं तू लिही."

"माझं म्हणजे?"

"डांबर, सूत, सगळं."

ती "बरं, सर," म्हणून गेली. वर्गात मी हे बोललो नाही. वर्गात संपलेली आशाच राहिली. अठ्ठावीस जणांच्या डोक्यात आता कुठे नवं घालायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तोंड नव्हतं.

जूनमध्ये पेपर झाला. होडी आली होती. मी फाटकाशी उभा होतो, कोणाची वाट पाहत नसल्यासारखा. जोसेट सगळ्यांत शेवटी बाहेर आली.

"काय लिहिलंस?"

"तुमचं लिहिलं, सर. संपलेली आशा."

"मी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत. पण त्याआधी चार मार्क दिले होतेत." ती उद्धटपणे बोलत नव्हती, लहान मुलाची समजूत घालावी तशी बोलत होती. "त्यांनी तरी किती दिले असते? मला वखारीत नाही बसायचं, सर."

 ती चार पावलं गेली आणि वळली.

"पप्पांना सांगू नका," ती म्हणाली.

मी किनाऱ्याच्या वाटेनं घरी निघालो. ऊन उतरलं होतं. रॉल आणि दोघं जण त्याच्या होडीपाशी उभे होते, डांबर तापत ठेवलं होतं.

"काय मास्तर, झाला पेपर?" रॉल ओरडून म्हणाला. "आली होती का होडी?"

"आली होती."

"मग? लिहिलं पोरीनं?"

"लिहिलं," मी म्हटलं. "फार चांगलं लिहिलंय."

रॉलनं त्या दोघांकडे पाहिलं. "सांगत नव्हतो मी तुम्हाला? माझी पोरगी आहे ती." मग तो माझ्याकडे वळला. "या, हात लावा जरा. चौथा अजून उगवला नाही."

मी पिशवी वाळूत ठेवली, बाह्या सारल्या आणि होडीजवळ गेलो. आईच्या वेळी मी कधी हात लावला नव्हता, त्यामुळे कुठं धरायचं ते रॉलला दाखवावं लागलं.