तिसरी फुंक

फुंक पहिली.
नळी ओठांत, नाकाला चिमटा. चौतीस वर्षं तो काचेच्या कारखान्यात भट्टीवर बाटल्या फुंकतोय. वितळलेल्या काचेत श्वास हळू सोडायचा असतो, गाल फुगवून, नाहीतर फुगा फाटतो. इथं, कारखान्याच्या वार्षिक तपासणीत, फुप्फुसं मोजायच्या यंत्रातही त्यानं तसाच सोडला.

"काका, ही काच नाही," तपासणीवाली म्हणाली. "छातीतून सोडा, एकदम."

बाकावरून बायको : "माझ्याशी बोलताना बरा जोर असतो."

मधे.
गेल्या वर्षीही फुंकेचा आकडा कमीच आला होता. तेव्हा तो डॉक्टरांना म्हणाला, हळू फुंकायची सवय हो, आम्हा भट्टीवाल्यांची. डॉक्टर हसले, सही केली. एक वर्ष मिळालं. यंदा सही नाही मिळाली तर भट्टी सुटली, खोकी बांधायच्या खात्यात रवानगी. मुकादमानं सकाळीच कानात सांगितलं होतं, "सवय म्हण. मी दरवर्षी म्हणतो."

फुंक दुसरी.
एकदम सोडली. सुरुवात बरी, मग मधेच
खोकला.

फुंक तिसरी.
पोट, खांदे, मानेच्या शिरा, सगळं लावलं. "अजून, अजून, अजून," ती म्हणत होती. आत काही उरलं नव्हतं तरी म्हणत होती.

"वय छप्पन्न. रोज किती ओढता?"

"आठ-दहा."

"वीस," बायको.

पडद्याकडे बघत तपासणीवाली म्हणाली, "फुप्फुसांचं वय अठ्ठ्याहत्तर दाखवतंय."

"म्हणजे मी सासऱ्यांशी संसार करतेय," बायको म्हणाली. स्वतः हसली नाही.

"सोडली तर भरून येईल?" त्यानं विचारलं.

"गेलं ते गेलं, काका. वयानं सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. सिगारेटनं भराभर जातं. सोडलीत तर निदान वयाच्या चालीनं जाईल."

डॉक्टरांची खोली. पेन उघडं.

"पुन्हा सवयच का?" त्यांनी आपणहून विचारलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हणायला कितीसा श्वास लागतो. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून त्याचा श्वास ऐकत होती, आत, बाहेर, आत, मधली बारीक शीळसुद्धा.

"पहिली फुंक सवयीची," तो म्हणाला. "तिसरी... तिसरीत सगळं लावलं होतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. सहीला एवढं लिहावं लागत नाही. एक ओळ झाली. दुसरी. पेन थांबेना.