लियाँला उतरायचं कुठं

"आ गोश म्हंजे डावीकडं. आ द्र्वात म्हंजे उजवीकडं. आता इचार."

रईसने पेरूंवरची माशी हाकलली. "आन् सरळ जायाचं आसलं तर?"

"तू द्र्वा."

"च्यायला, उजवीकडं बी द्र्वा आन् सरळ बी द्र्वा? आसल्या गावात मी गाडीच न्हाई घालायचो बे."

धोंडीराम खो खो हसला. रईस एसटीत ड्रायव्हर आणि धोंडीराम कंडक्टर, अशी दोघांची अख्खी नोकरी एका गाडीवर गेलेली. निवृत्तीनंतर रईसने पाटोद्याच्या बसस्थानकासमोर फळांचा गाडा टाकला आणि धोंडीरामने त्या गाड्याशेजारी बूड टेकलं. दिवाळी झाली की धोंडीराम आणि त्याची बायको केसरबाई फ्रान्सला निघणार होते. त्यांचा एकुलता एक मुलगा सुरज तिथं लियाँ शहरात नोकरी करत होता. तिथल्याच एलोदीशी त्यानं लग्न केलं आणि आता त्यांना सहा महिन्यांची मुलगी होती, लीना. आजी-आजोबांनी ती फोनच्या काचेतूनच पाहिलेली.

'मी दिवसा कामावर असणार, थोडी फ्रेंच भाषा येऊ द्या,' असं म्हणून सुरज रोज फोनवर चार-दोन शब्द बोलून पाठवायचा. स्टेशन कुठं आहे, तिकीट कुठं मिळेल, ट्राम कुठं थांबते. धोंडीराम ते घोकायचा. जन्मभर 'उतरा, आलं तुमचं गाव' असं लोकांना सांगत आलेल्या माणसाला आता लोकांना विचारत जायचं होतं आणि त्याला त्याची भलती मौज वाटत होती.

केसरबाई मात्र एक शब्द तोंडात धरायला तयार नव्हती. "पोराच्या घरी जायाला भाषा कशाला लागती?" तिनं नातीसाठी कुंची शिवली होती, मऊ लुगड्याचं दुपटं केलं होतं, बाळगुटीचं सगळं सामान पुरचुंडीत बांधलं होतं. नातीला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, हे तिनं गल्लीत इतक्यांदा सांगितलं होतं, की बायका तिला लांबून बघितलं तरी दार लोटून घ्यायच्या.

मग सुरजचे शब्द बदलले. शांब्र म्हणजे खोली. क्ले म्हणजे किल्ली. दोन माणसांसाठी. सकाळची न्याहारी धरून. धोंडीरामने तेही पाठ केले.

"तुला लॉजवर कोन ठिवतंय बे?" रईस म्हणाला.

"आरं, शिकून ठिवावं. इद्या काय वाया जाती का?"

खरं तर नोकरीतली निम्मी झोप धोंडीरामने घराबाहेर घेतली होती. मुक्कामी गाडी डोंगराकडच्या गावात पोचली, की कुणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं यायचं आणि दोघं मारुतीच्या पारावर नाहीतर गाडीतल्या बाकड्यावर आडवे व्हायचे. लॉजची गादी कधी पाठीला लागली नाही. लागायचं कारणही नव्हतं. आपल्या माणसाच्या गावात जाऊन लॉजवर उतरणं म्हणजे त्याच्या दारात उभं राहून त्याला शिवी देणं, एवढं इथं शेंबड्या पोरालाही कळतं. चुलतभाऊ अर्जुनराव एकदा घरच्या लग्नाला आला आणि घर पाहुण्यांनी भरलंय म्हणून गुपचूप लॉजवर गेला. धोंडीरामने तिथं जाऊन त्याची पिशवी उचलली होती. "भाड्याच्या खाटंवर झोपायला आमी काय मेलाव का?" असं त्यानं मॅनेजरसमोर त्याला झापलं होतं.

रविवारी दुपारी सुरजचा फोन आला. केसरबाई शेजारी शेंगा सोलत बसली होती. धोंडीरामने आवाज मोठा केला आणि शाळेतल्या पोरासारखं सगळं म्हणून दाखवलं. शेवटी किल्लीही मागून दाखवली, "ला क्ले, सिल वू प्ले!"

"वा अण्णा!" सुरज खूश झाला. "रिसेप्शनवर एवढं बोललात तरी बास झालं."

"कोनच्या रिसेप्शनवर?"

"तुमच्या हॉटेलच्या. चांगलं आहे. आमच्या घरापासनं ट्रामनं लगेच येता येतं."

धोंडीरामला आधी कळलंच नाही. मग कळलं. भरधाव गाडीत उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारावा आणि हाताला दांडीच सापडू नये, तसं त्याला झालं.

"सुरज," तो म्हणाला, "तुजं घर हाय ना तिथं?"

"आहे की. पण लहान आहे, अण्णा. आणि इथं असंच असतं. एलोदीची आई आली तरी ती हॉटेलातच उतरते. मला वाटलं, शब्दांवरून तुम्हाला कळलं असेल."

म्हणजे पोरगं रोज हेच सांगत होतं. तोंडाने बोलवेना म्हणून एकेक शब्द पाठवत होतं, आणि बाप गावभर तो मिरवत होता. धोंडीरामला रागही येईना.

केसरबाईने फोन आपल्याकडे ओढला. "लीनाला न्हाऊ कोन घालतं रं?"

"एलोदी घालते, आई. रात्री झोपायच्या आधी."

"मंग मी कवा घालू?"

"तुम्ही दिवसा या ना. सुट्टीच्या दिवशी आपण सगळे असू. जेवूनच जा."

जेवूनच जा. सोयरिकीच्या पाहुण्याला म्हणतात तसं. एलोदी लग्नानंतर पाटोद्याला आली, तेव्हा तिला आपली पलंगाची खोली देऊन केसरबाई आठवडाभर स्वयंपाकघरात फरशीवर झोपली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. ती "बरं" म्हणाली आणि फोन तिनं नवऱ्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी धोंडीराम गाड्यावर गेला नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिला. "न्हाई जायाचं! पोटच्या पोराच्या गावात आमी भाडोत्री? लोकं थुकतील तोंडावर. कशापायी जायाचं आपन? सांग की!"

"लोकं काय लियाँला येनार हाईत का बगायला?" केसरबाई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज नीट होता. "आपन रुसून बसलो म्हून लीना मोटी व्हायाची थांबंल का? त्या पोरीची आई बी तशीच ऱ्हाती म्हनं. तिला काय वाटत नसंल?"

धोंडीराम फेऱ्या थांबवून खाली बसला.

"ती किल्ली कशी मागायची, सांगा मला."

त्यानं सांगितलं. केसरबाईची जीभ वळेना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. बऱ्यापैकी जमल्यावर तिनं विचारलं, "आन् माज्या लेकाचं घर कुटं हाय, हे कसं इचारायचं?"

धोंडीरामने पाठ केलेलं सगळं मनात चाळलं. स्टेशन होतं, दवाखाना होता, संडास होता, हॉटेल तर होतंच. हे नव्हतं.

"त्ये न्हाई शिकवलं त्यानं," तो म्हणाला.

"मंग इचारून घ्या."

त्यानं फोनवर तेवढाच प्रश्न बोलून पाठवला. ख्यालीखुशाली विचारली नाही. सुरजचं उत्तर यायला दुपार कलली. 'ऊ ए ला मेझों द मों फीस.' मग घसा खाकरल्याचा आवाज. मग तेच पुन्हा, सावकाश. बाकी काही नाही.

संध्याकाळी गाडा बंद करून रईस आला. दोस्त दिसला नाही म्हणून सीताफळांची पिशवी घेऊन आला होता. केसरबाई उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. सुपात बघत ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, चुकलं की थांबून पहिल्यापासून.

"वैनी बी लागल्या व्हय शिकायला?" रईस हसत म्हणाला. "काय म्हनत्यात?"

"पोराच्या घराचा पत्ता इचारतीय," धोंडीराम म्हणाला.

रईसचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली आणि चपला काढून तो धोंडीरामशेजारी बसला. केसरबाईचं या वेळी शेवटपर्यंत बरोबर आलं.