न कळवता

राजधानी पॉडगोरिकात सेंका राडोन्यिचला ओळखत नाही असा राजकारणी सापडला नसता. गुप्तचर खात्यावर संसदेचा वचक कसा राहील, या एकाच प्रश्नात तिने उमेदीची वर्षं घातली होती. अहवाल लिहिले, परिषदा घेतल्या, युरोपीय संघात जायचं तर आधी आपलं घर झाडा, असं ज्याला त्याला सांगत राहिली. बदल्यात वर्तमानपत्रांनी तिला परक्यांची हस्तक ठरवलं. निवृत्त पोलीस असलेले वडील तर चारचौघांत तिचा विषय निघाला की उठून बागेत जायचे.

मग सरकार बदललं आणि कालचे विरोधक सत्तेवर आले. फोन चोरून ऐकण्याचे आदेश संसदीय समितीला केव्हाही, न कळवता तपासता यावेत, हे सेंकाचं कलम नव्या कायद्याच्या मसुद्यात आलं. पण शेवटच्या सुनावणीला येऊन पाहते तर ‘न कळवता’ गायब. त्या जागी ‘पूर्वसूचना देऊन’.

समितीचा अध्यक्ष ब्लाझो तिला बाजूला घेऊन समजावू लागला. ब्रसेल्सहून आलेले युरोपीय संघाचे पाहुणे एवढ्यावर खूश आहेत, वाटाघाटी पुढे सरकतायत, आता खोडा घालू नकोस, असं त्याचं म्हणणं. सेंकाने ऐकून घेतलं आणि आपली पाळी येताच उभी राहिली.

“पाहुणे उद्या विमानात बसतील,” ती म्हणाली. “राहायचंय आपल्याला. आधी कळवून गेलात तर चहा मिळेल, कागद मिळणार नाहीत. तुम्ही विरोधात असताना, आमचे फोन ऐकतात हो, म्हणत माझ्या कचेरीत किती जण आला होतात? मी नावं घेणार नाही. तुम्हीच सांगा.”

कुणी कागद चाळू लागलं, कुणी छताकडे बघू लागलं. सेंकाला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात ब्लाझोने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हात वर केला.

“मी आलो होतो,” तो म्हणाला. “बायकोशी झालेलं माझं भांडणसुद्धा त्या लोकांना पाठ होतं.”

हशा पिकला. मग दुसरा हात वर गेला, तिसरा गेला, आणि बघता बघता हात खाली असलेला माणूसच दिसेना. पाहुणे दुभाष्याला काय चाललंय ते विचारत राहिले. सेंकाचे दोन शब्द एकमताने परत आले. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या, म्हणाले, बागेत गेलो नाही.

कायदा लागू झाल्यावर समिती थेट खात्याच्या फाटकावर गेली. तज्ज्ञ म्हणून सेंकाही बरोबर होती. पहारेकऱ्याने विचारलं, साहेबांची वेळ घेतलीय का? ब्लाझोने शांतपणे नाही म्हणून सांगितलं. पहारेकऱ्याने वर फोन लावला. कोटाची बटणं लावत साहेब धावत खाली आले, आणि फाटक उघडलं.

तळघरात छतापर्यंत कपाटं होती. साहेबांनी कॉफीचं विचारलं.

“कॉफी नंतर,” सेंका बाह्या सरसावत म्हणाली, “आधी किल्ल्या द्या.”