अळ्यांची बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, आणि झाकणाचा एक टवका उडालेला. जिजाने मला चारोटीच्या नाक्यावरून घेतलं आणि मांडीवर धरून रानशेतला आणलं. मित्रांनो, तेव्हा मी लोणच्याची बरणी होते आणि त्याचा मला बराच तोराही होता.

पण भात कापून झालं की जिजा आणि तिचा नवरा धनेश वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडावर परतत. बंद घरात मी एकटी. बरणीला कसला आलाय कंटाळा, असं तुम्ही म्हणाल. येतो बरं! जिजालाही भट्टी नकोशी होती. म्हणून २०१६ साली तिने भातानंतरच्या ओलीवर हरभरा पेरला.

"हरभरा हाताशी आला तर ऱ्हावू," धनेश म्हणाला. "नाय तर भट्टी हायच."

हरभऱ्याला घाटे धरले आणि त्यांच्यामागोमाग घाटेअळीही आली. घाट्यात तोंड खुपसून, अर्धं अंग बाहेर ठेवून ती निवांत जेवत बसे. तेव्हा शेतीखात्याच्या पुष्पाताई एक लहानशी बाटली घेऊन आल्या.

"यात अळीचा रोग आहे," त्या म्हणाल्या. "हा विषाणू फक्त या अळीलाच धरतो. माणसाला, गुराला, मधमाशीला काही करत नाही. पण उन्हात मरतो हं, म्हणून फवारणी संध्याकाळी करा. पाण्यात थोडी नीळ घाला, तेवढाच आडोसा."

जिजाने फवारलं. तीन दिवस अळ्या खातच होत्या. "ताईंनी पाणीच दिलंन वाटतं," म्हणून धनेशने तिला चिडवून घेतलं. पाचव्या दिवशी मात्र अळ्या फिक्या पडल्या, खाणं सोडून शेंड्यांवर चढल्या आणि मागच्या पायांनी फांदी धरून उलट्या लटकून मेल्या. त्यांची अंगं फुटली, आतलं पाणी खालच्या पानांवर पडलं, आणि ती पानं खाणाऱ्या अळ्यांचीही तीच गत झाली. जिजा बांधावर उभी राहून एकटीच हसत होती.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिने मेलेल्या अळ्या पुढच्या वर्षासाठी वेचल्या. त्या पाण्यात घालून ठेवायला गार, अंधारं भांडं हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तो वास काय सांगू! पण त्या वर्षी कुणी भट्टीवर गेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तिने माझ्यातलं पाणी फडक्यातून गाळून फवारलं, नव्या अळ्या वेचून मला पुन्हा भरलं, आणि त्याही वर्षी चूल पेटती राहिली. लोणच्याची आठवण मला येईनाशी झाली.

धनेशची आई हिराबाई तलासरीला लेकीकडे असे. २०१८ च्या मे महिन्यात ती राहायला आली. सुनेला कैरीचं लोणचं आवडतं, म्हणून तिने आल्या आल्या मला शोधून काढलं.

"अगे जिजा, केवढी घाण साचवलीस यात!" संध्याकाळी जिजा कामावरून परतताच ती कौतुकाने म्हणाली. "सगळी फेकली. राखेने घासून ठेवलीय, आता तीन दिस उन्हात वाळवते. मग बघ लोणचं कसं टिकतं."

बरणीची निगा अशीच राखतात. तिला तिच्या आईने तसंच शिकवलं होतं, आणि जिजाने तिला माझ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. जिजा माझ्या रिकाम्या पोटात बघत राहिली. "बरं केलंत, आई," एवढंच म्हणाली. हिराबाईने माझ्यात लोणचं भरलं आणि पावसाआधी ती तलासरीला परत गेली.

हिवाळ्यात अळ्या आल्या. पुष्पाताईंची बदली झाली होती. नवी बाटली मिळायला पंधरा दिवस लागणार होते आणि पीक फस्त करायला अळ्यांना पाच दिवस पुरले. धनेशने भट्टीवर जायला गाठोडं बांधलं. जिजाने मला कोपऱ्यात सरकवलं, झाकणावर हात ठेवला, आणि दार बंद झालं.

आता २०१९ चा फेब्रुवारी चालू आहे. लोणचं छान मुरलं आहे, खाणारी मात्र इथे नाही. रोज तिची पावलं ऐकू येतील म्हणून मी कान देऊन बसते. कुडाच्या फटीतून शेताची कड दिसते. तिथे उशिरा उगवलेली हरभऱ्याची चार झाडं अजून हिरवी आहेत. आज सकाळी त्यातल्या एकाच्या शेंड्यावर मला अळी दिसली, उलटी लटकलेली. रोग मातीत कुठेतरी उरला होता तर!

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी भट्टीकडे जाणार असेल, तर जिजाला एवढं सांगा. लोणचं दुसऱ्या भांड्यात काढ म्हणावं, नाहीतर वाटून टाक. मला रिकामी कर, त्या अळीला जागा हवी. पण आजच ये बाई, ऊन चढतंय.