वाटाण्याने फाडलेला पडदा

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्याआड उभे राहून सदऱ्याची बटणे सोडली आहेत, तेव्हा आपली ओळख आहेच. मी एक जुना पडदा आहे, लोखंडी चौकटीचा, तीन घड्यांचा. शाळेच्या तपासणीच्या खोलीत वजनकाट्याशेजारी मी उभा असतो. माझ्या मधल्या कापडावर वरपासून खालपर्यंत वाकड्या टाक्यांची एक रेघ आहे. तुम्ही तिला आगगाडी म्हणता. ती कशी आली, हे आज सांगतो. गोष्ट मारहाणीची आहे, पण ती गाळली तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

माझा जन्मही काही लाडाकोडात झाला नाही. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवले, ठोकले, वाकवले आणि पाण्यात बुडवले. मग शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याने जाड हिरवे कापड बेतून माझ्यावर चढवले. शिंपी बोलघेवडा. कापड ताणून बघत म्हणाला, "हा पडदा फाडायला बैल लागेल, बैल."

मी गेलो एका लहान दवाखान्यात. डॉक्टर अधूनमधून येत. बाकी सगळा कारभार नर्सबाईंच्या हातात होता. आवाज खडा आणि हात हलका, अशा त्या बाई. माझ्याआड निखळलेली हाडे बसत, गळवे फुटत, माणसे किंचाळत. एका दारुड्याने मला लाथ मारली, एकाने तर कळ सोसवेना म्हणून माझे कापड दातांत धरले. बाई मला घासून धूत. रक्ताचा डाग गार पाण्याने जातो आणि गरम पाण्याने कायमचा बसतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

सुरुवातीला बाई रोग्यांना नावाने हाक मारत. पण नाव कानावर पडले की बाकावरची माणसे सरकत. कोण कुणापैकी, कोणत्या देवाचा, हे आडनावावरून लगेच ताडले जाई. एकदा नावावरूनच दोघांची जुंपली आणि औषधांचे कपाट आडवे झाले. त्या दिवसापासून बाईंनी नावे बंद केली. दारात येईल त्याला त्या विचारत, "काय दुखतंय?" जे उत्तर येई, तेच त्याचे नाव.

"दाढ, आत चल. गुडघा, तू बस जरा. पाचवा महिना, पाणी प्यायलीस का गं?"

एक म्हातारेबुवा बाईंच्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, मला मूळव्याध आहे हो. मोठ्याने हाक नका मारू."

"बरं काका. आजपासून तुम्ही सर्दी."

तपासताना गळ्यातले, दंडावरचे काढून ठेवावे लागे. त्यासाठी बाईंनी माझ्या वरच्या दांडीला आकडे लावून घेतले होते. दोरे, ताईत, माळा, पदके, सगळी तिथे एका ओळीत लटकत. कुणी कुणाला चावले नाही. कुणाला काढायचे नसेल तर बाई ते तसेच ठेवून त्याच्या कडेने पट्टी बांधत. कुणाचा उपास असेल तर गोळीची वेळ पुढे ढकलत. हे सगळे त्यांची लेक बघत असे. शाळेतून आली की माझ्याआड स्टुलावर बसून ती अभ्यास करायची. पुढे ती शिक्षिका झाली.

एकदा एका लहानग्याने कानात वाटाणा घालून घेतला. काढताना तो बाईंच्या मनगटाला कडकडून चावला. बाईंनी वाटाणा अलगद काढला आणि त्याच्याच तळहातावर ठेवला. "घे, तुझा माल." तेव्हापासून तो वाटाणा. मिसरूड फुटले तरी बाई रस्त्यात त्याला याच नावाने हाक मारत आणि तो लाजत हसे.

मग गावात ठिणगी पडली. 'त्यांनी' 'आपल्याला' काहीतरी केले, एवढेच जो तो सांगत होता. काय केले, ते कुणालाच ठाऊक नव्हते. दुकाने जळू लागली. भर दुपारी तोच शिंपी धडपडत दवाखान्यात आला. उजवा दंड कोयत्याने हाडापर्यंत चिरलेला. बाईंना घरी न्यायला आलेली लेक तिथेच होती. दोघींनी त्याला माझ्यामागच्या टेबलावर आडवे केले. लेकीने त्याचा दंड दोन्ही हातांनी आवळून धरला.

"एक शब्द काढू नका, दादा," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही नुसते दंड."

दार लाथेने उघडून एक घोळका आत घुसला. बाक खिडकीतून बाहेर गेला. बाटल्या भिंतीवर फुटल्या, काचा माझ्या कापडात रुतल्या. सगळ्यांच्या पुढे एक तरुण होता. त्याच्या हातात लोखंडी गज.

"पडद्यामागे कोण आहे?"

"काय दुखतंय?" बाईंनी सवयीने विचारले.

"नाव सांगा त्याचं."

"दंड."

"आडनाव?"

"फाटलेला."

मागे कुणीतरी फिसकन हसले. बाईंनी चष्मा सारखा केला आणि निरखून पाहिले. "अरे, वाटाणा ना तू? कान बरा आहे का रे?"

त्यांनी ते मायेनेच विचारले होते. बाईंचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पण घोळक्यात हशा पिकला. "वाटाणा? आमचा वाघ वाटाणा निघाला की!" त्याचे कान लाल झाले. हसणे थांबवायला त्याच्याजवळ गजाशिवाय काही नव्हते.

पहिल्या घावाला बाईंचा चष्मा उडाला. दुसरा डोक्यात बसला. त्यांनी माझी चौकट दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. तिसऱ्या घावाने माझे कापड टराटरा फाटले. आम्ही दोघे मागे कोसळलो. खाली शिंपी आणि लेक, वर मी, माझ्यावर बाई. त्यांचे ऊन रक्त माझ्यात झिरपत गेले.

हसणे थांबले होते. "बाईला मारलंस तू," कुणीतरी म्हणाले. "माझं पोर हिच्या हातावर जन्मलं." एकेक जण खाली मान घालून निघून गेला. गज तिथेच पडून राहिला.

शिंपी वाचला. बाई गेल्या. त्यांच्या चपला कितीतरी दिवस टेबलाखाली होत्या, एक सरळ, एक पालथी.

दवाखाना बंद झाला. मला अडगळीत टाकले. चाके गंजली, उंदरांनी कडा कुरतडल्या. मग एक दिवस लेक आली आणि मला शिंप्याकडे घेऊन गेली. त्याच्या उजव्या हाताची बोटे आता मिटत नव्हती.

"नवं कापड घालून देतो, ताई."

"नको काका. हेच शिवा."

"डाव्या हाताने शिवावं लागेल. टाका वाकडा जाईल."

"जाऊ दे."

तो बराच वेळ माझ्यावर वाकून होता. दोरा तोडताना पुटपुटला, "बैल लागेल म्हणालो होतो. वाटाणाच पुरला."

मित्रांनो, ती लेक म्हणजे तुमच्या बाई. आईसारख्या त्या नावे झाकत नाहीत. हजेरीला प्रत्येकाचे पूर्ण नाव घेतात. परवा एका नव्या मुलीचे नाव ऐकून कुणी बाकावर सरकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सरकायचंच असेल तर तिच्याकडे सरक. आणि तिचं नाव तिलाच विचार, नीट म्हणता येईपर्यंत." त्याला पुष्कळ वेळ लागला. ती मुलगी हसून हसून दमली.

माझे फार मागणे नाही. माझे एक चाक अडते, त्याला तेल घाला. आगगाडीचे टाके नखाने उसवू नका. आणि कुणी कधी दारात उभा राहून, पडद्यामागे कोण आहे, असे दरडावून विचारू लागला, तर त्याला आधी विचारा, काय दुखतंय. उत्तर येईपर्यंत माझी चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवा.